साठी बुद्धी नाठी : दोष एकट्या वयाचाच का?

मराठीत म्हण आहे, 'साठी बुद्धी नाठी'. कन्नडमध्ये तिची सख्खी बहीण आहे, 'अरवत्तक्के अरळु मरळु'. साठी उलटली की माणसाचे भान सुटायचेच, हा दोन्हींचा भावार्थ. आमच्या बेळगावात या दोन भाषांचे फारशा गोष्टींवर एकमत होत नाही. पण म्हाताऱ्या माणसाची बुद्धी वयानेच जाते, यावर मात्र दोघींचे संपूर्ण एकमत आहे! आणि नेमके येथेच मला थोडे भांडावेसे वाटते. वाचकहो, मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जीवशास्त्र दहावीत सुटले. तेव्हा हा लेख डॉक्टरकी म्हणून वाचू नये. हिशेब शिकणाऱ्या मुलाने एका जुन्या खतावणीवर काढलेला आक्षेप म्हणून वाचावा.

आमचे घर तीन पिढ्या फौंड्रीच्या पगारावर वाढले. आजोबा भट्टीपाशी होते, बाबा आज घासाईच्या खात्यात आहेत, आणि कॉलेजची फी त्याच पैशातून भरलेली आहे. गेली चार वर्षे आजोबा मला बाबांच्या नावाने हाक मारतात. जेवण झाले की नाही, हे त्यांना आजीला विचारावे लागते. घरात सर्वांनी वरची म्हण उच्चारली आणि प्रकरण मिटवले. आजोबांचे विस्मरण फौंड्रीमुळेच आहे, असा दावा मी करीत नाही; एकट्या माणसाच्या बाबतीत तसे सिद्ध करता येत नाही. माझे म्हणणे एवढेच, की चाळीस वर्षे ज्या हवेत तो माणूस श्वास घेत होता तिचा हिशेब कोणी मागितलाच नाही. म्हणीने तो मागू दिला नाही.

आता या हवेत असते तरी काय? वाळूची जाड धूळ डोळ्यांना दिसते, ती नाकात अडकते, खोकल्यावाटे निघते. पण वितळलेल्या धातूची वाफ थंड होताना, वेल्डिंगच्या ठिणगीतून, डिझेलच्या धुरातून, गाडीच्या ब्रेकमधून, चुलीतून, जळत्या कचऱ्यातून जे अतिसूक्ष्म कण निघतात ते डोळ्यांना मुळीच दिसत नाहीत. शास्त्रज्ञ त्यांना नॅनोकण म्हणतात. एका मीटरचे १०० कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. १०० नॅनोमीटरपेक्षा लहान तो नॅनोकण. आपल्या डोक्यावरचा केस सुमारे ७० ते ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी.

येथे थोडे गणित करू. १० मायक्रॉन व्यासाचा धुळीचा एक कण घ्या. त्याच पदार्थाचे १०० नॅनोमीटर व्यासाचे किती कण केले म्हणजे तेवढेच वजन भरेल? उत्तर आहे १० लाख. वजन तेच, पण कण १० लाख. आणि त्या सर्वांचा मिळून पृष्ठभाग १०० पट. शरीराशी जो काही व्यवहार होतो तो या पृष्ठभागावर होतो. हे गणित वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे कायद्याची गोष्ट येईल तेव्हा ते लागणार आहे.

हे कण मेंदूपर्यंत पोचतात कसे? एक वाट फुफ्फुसातून रक्तात जाते. दुसरी वाट अधिक जवळची, आणि ती नाकात आहे. वास ओळखणारे मज्जातंतू नाकाच्या छतातून थेट मेंदूत गेलेले असतात. २००६ साली अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी उंदरांना मँगनीज ऑक्साइडचे सुमारे ३० नॅनोमीटरचे कण हुंगवले. १२ दिवसांत उंदरांच्या मेंदूतील वासाच्या केंद्रात मँगनीज साडेतीन पट झाले. मग त्यांनी एक साधी युक्ती केली. काही उंदरांची उजवी नाकपुडी बंद केली. तेव्हा मँगनीज साचले ते फक्त डाव्या बाजूला. कण नाकातूनच वर गेले, याचा याहून सोपा पुरावा कोणता हवा? आणि मँगनीज हे काही प्रयोगशाळेतले दुर्मिळ द्रव्य नव्हे. ते पोलादात असते, वेल्डिंगच्या कांडीत असते. मँगनीजची विषबाधा झालेल्या कामगाराला कंपवातासारखा विकार जडतो, हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने ती विषबाधा कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत घातली होती.

माणसाच्या मेंदूचे काय? २०१६ साली इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या बार्बरा माहेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर येथील ३७ मृत व्यक्तींच्या मेंदूचे नमुने तपासले. त्यांत मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे नॅनोकण मिळाले. शरीरात आपोआप तयार होणारे मॅग्नेटाइटचे स्फटिक कोनदार असतात. येथे पुष्कळसे कण गुळगुळीत, गोल होते, जणू वितळून थिजलेले थेंब. असे गोल कण मोठ्या उष्णतेतून, म्हणजे इंजिनातून किंवा भट्टीतून, जन्माला येतात. याच कणांमुळे त्या माणसांना विकार झाला, असे या अभ्यासाने सिद्ध केले नाही आणि शास्त्रज्ञांनीही तसे म्हटले नाही. पण बाहेरचा माल आतल्या गोदामात सापडला, एवढे नक्की झाले.

आता मूळ मुद्दा. तरुणाच्या आणि म्हाताऱ्याच्या मज्जापेशीत फरक काय? शाळेच्या पुस्तकात आपण हिला चेतापेशी म्हणत होतो. त्वचेची पेशी मेली तर नवी येते. मज्जापेशीचे बहुतांशी तसे नाही. जन्मभर तीच वापरायची. आम्हा वाणिज्यवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर हे असे यंत्र आहे की ज्याचा घसारा दरवर्षी लागतो, पण बदली यंत्र बाजारात मिळत नाही. त्यातून या यंत्राचा खर्च मोठा. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण तो प्राणवायू खातो २० टक्के. जेथे एवढे ज्वलन तेथे थोडी ठिणगी उडणारच. तरुणपणी पेशी ती ठिणगी विझवते आणि राखही साफ करते. वय वाढते तशी ही सफाई मंदावते. पेशीत न पचलेला कचरा साठू लागतो.

अशा पेशीजवळ लोहाचा नॅनोकण येऊन बसला म्हणजे काय होते? लोह तेथे स्वस्थ बसत नाही. त्याच्यामुळे प्राणवायूची अतिशय जहाल रूपे तयार होतात आणि ती पेशीच्या आवरणाला व आतल्या वीजघरांना डागतात. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, त्या पहाऱ्याचे व झाडलोटीचे काम करतात. परका कण दिसला की त्या चवताळतात. तारुण्यात त्या चवताळतात आणि शांतही होतात. उतारवयात त्या आधीच चिडलेल्या असतात. लहानशा कारणाने भडकतात आणि लवकर निवत नाहीत. चोर पकडण्याच्या नादात घरच्यांनाच मार बसावा, तशी शेजारच्या चांगल्या मज्जापेशींची गत होते. शिवाय रक्त आणि मेंदू यांच्यामधला जो बारीक अडसर असतो तोही वयाबरोबर सैल होतो, आणि तो प्रथम सैल होतो हिप्पोकॅम्पस या भागात, म्हणजे नव्या आठवणी जेथे नोंदल्या जातात तेथेच. आजोबांना ४० वर्षांपूर्वीचे भट्टीवरचे मुकादम आठवतात आणि सकाळचे जेवण आठवत नाही, असे जे घरोघरी दिसते, त्यात या भागाचा मोठा वाटा असतो.

इथपर्यंत वाचून आमचे तरुण वाचक म्हणतील, "ठीक आहे, म्हाताऱ्यांनी जपावे." मित्रहो, थांबा. मला हा लेख लिहायला लावणारा प्रयोग पुढेच आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी लॉस एंजेलिसच्या महामार्गालगतच्या हवेतून २०० नॅनोमीटरपेक्षा लहान कण गोळा केले आणि उंदरांना १० आठवड्यांत मिळून १५० तास त्या हवेत ठेवले. २०११ साली त्यांनी दाखवले की यामुळे मेंदूत दाह होतो आणि मज्जापेशींच्या परस्पर संदेशाला लागणारी यंत्रणा कमी होते. २०१७ साली त्यांनी ३ महिन्यांचे तरुण आणि १८ महिन्यांचे उतारवयाचे उंदीर यांची तुलना प्रसिद्ध केली. सर्वसाधारण समजुतीने नुकसान म्हाताऱ्यांचे अधिक व्हायला हवे. झाले उलटे. हिप्पोकॅम्पसच्या एका भागात तरुण उंदरांच्या मज्जापेशींचे तंतू खुरटले, तंतूंवरचे वेष्टण उणावले, आणि ही झीज स्वच्छ हवेतल्या म्हाताऱ्या उंदरांच्या झिजेजवळ जाऊन पोचली. म्हाताऱ्या उंदरांत त्या जागी नवे नुकसान फारसे दिसले नाही, कारण जे झिजायचे ते वयाने आधीच झिजले होते.

याचा अर्थ काय? उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे कबूल. पण इशारा स्पष्ट आहे. म्हातारपण साठीला सुरू होत नाही. त्याची पहिली नोंद विशीतही पडू शकते. घसारा आज लागतो, ताळेबंद चाळीस वर्षांनी दिसतो. म्हणून हा प्रश्न आजोबांचा जेवढा, त्याहून अधिक आयटीआय संपवून उद्या वेल्डिंगला लागणाऱ्या माझ्या वर्गमित्राचा आहे. नॅनोकण आणि म्हातारपण या विषयावर तरुणांनी बोलावे, ते याचसाठी.

उंदरांवर ज्यांचा विश्वास नाही त्यांच्यासाठी माणसांचे उदाहरण देतो. कॅनडातील आँटारिओ प्रांतात १९४३ ते १९७९ या काळात हजारो खाणकामगारांना पाळीपूर्वी कपडे बदलण्याच्या खोलीत बंद करून अल्युमिनियमची अतिबारीक पूड हुंगवीत असत. तिला मॅकइंटायर पावडर म्हणत. तिचा काही भाग नॅनो आकाराचाही होता. हेतू वरवर चांगला होता, दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा सिलिकोसिस टाळावा! धूळ कमी करण्याऐवजी धुळीवर धूळ हाच उतारा. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात ही पूड घेतलेले कामगार बुद्धीच्या चाचण्यांत इतरांपेक्षा मागे पडलेले दिसले. पण खरा पाठपुरावा केला तो एका मुलीने. जॅनिस मार्टेल हिच्या खाणकामगार वडिलांना कंपवात झाला होता. तिने त्यांच्यासारख्या कामगारांची नावे व आजार टिपून ठेवायला सुरुवात केली. २०२० साली अधिकृत अभ्यासाने पूड आणि कंपवात यांचा संबंध मान्य केला, आणि २०२२ साली आँटारिओने अशा कामगारांचा कंपवात हा धंद्यातून आलेला रोग मानला. शेवटची पूड हुंगवल्यानंतर ४३ वर्षांनी! तोवर कित्येकजण म्हातारपणाच्या नावाखाली निघून गेले असतील.

या गोष्टीतून मला एक धडा दिसतो : ज्याची नोंद नाही ते वहीत नाही, आणि जे वहीत नाही ते देणे कोणी फेडत नाही. आता वरचे गणित आठवा. आपल्या देशातील हवेचे दर्जा-निकष २००९ सालचे. त्यांत २.५ मायक्रॉनपर्यंतच्या धुळीची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती ५ असावी असे सांगितले. पण ४० असो की ५, दोन्ही वजने आहेत. नॅनोकणाला वजन नावालाच. दहा लाख नॅनोकण नाकातून गेले तरी तराजूचा काटा एका धुळीच्या कणाएवढाच हलतो. किराणा दुकानदाराने केशर पोत्याच्या काट्यावर मोजावे तसा हा प्रकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी नॅनोकण वजनाने न मोजता संख्येने मोजावेत असे सुचवले, आणि २४ तासांच्या सरासरीने घनसेंटिमीटरला १० हजारांवर कण ही संख्या जास्त मानावी असे म्हटले. युरोपीय संघाने २०२४ च्या नव्या नियमांत निवडक केंद्रांवर अशी मोजणी सक्तीची केली. आपल्या २००९ च्या यादीत संख्येचा रकानाच नाही.

आणि केंद्रे तरी कोठे? २०१९ साली केंद्र सरकारने स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात कर्नाटकातून बेंगळूर, दावणगेरे, कलबुर्गी आणि हुबळी-धारवाड आले. उद्यमबागेच्या भट्ट्या ज्या गावात आहेत ते आमचे बेळगाव त्या यादीत नाही. सीमाप्रश्नाने एवढी वर्षे आम्हाला नकाशावरची रेघ पाहायला शिकवले. धुराला ती रेघ दिसत नाही. भट्टीपाशी मराठी मोल्डर आणि कन्नड हेल्पर एकाच हवेत उभे असतात.

आता दोन आक्षेप. पहिला असा, की अजून पुरावा पुरा नाही. बरोबर आहे. २०२४ साली लॅन्सेटच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत हवेच्या प्रदूषणाचा वाटा १०० पैकी ३ रुग्णांपुरता मानला आहे. कमी शिक्षण, बहिरेपण, एकटेपणा यांचा वाटा त्याहून मोठा. भारतात साठीवरील सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे दर १०० मागे ७.४ जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. पुरुषांत हे प्रमाण ५.८, तर बायकांत ९. बायकांच्या आकड्यामागे त्यांना न मिळालेले शिक्षणही आहे. मग चुलीचा धूरही त्याच हिशेबात तपासायला नको का? जगाचे ३ टक्के आपल्याकडे जसेच्या तसे लावले तरी अडीच लाखांवर माणसे होतात. ३ टक्के ही रक्कम लहान म्हणून कोणता व्यापारी सोडून देतो? पहिल्या वर्षी आम्हाला हिशेबशास्त्रात सावधगिरीचे तत्त्व शिकवतात : नफा हातात येईपर्यंत धरू नका, पण संभाव्य तोट्याची तरतूद आधीच करा. माल आणि उधारी यांना जे तत्त्व लागू, ते कामगाराच्या मेंदूला का लागू नसावे?

दुसरा आक्षेप अधिक खरा, आणि तो आमच्याच घरातून येतो. बाबा म्हणतात, "फौंड्री बंद पडली तर जेवशील काय?" फौंड्री बंद करा असे मी म्हणतच नाही. माझ्या मागण्या साध्या आहेत. भट्टीच्या आणि घासाईच्या तोंडाशीच धूर ओढून घेणारी यंत्रणा हवी. छताचा पंखा धूर फक्त सगळ्यांना वाटून देतो. तोंडाला रुमाल बांधणे हे संरक्षण नव्हे. २०२० च्या साथीत आपण सर्वांनी जो एन-९५ मुखपट्टा पाहिला तो नीट घट्ट बसवला तर नॅनोकणही अडवतो, कारण इतके लहान कण सरळ न जाता भरकटत जातात आणि तंतूंना चिकटतात. एका मुखपट्ट्याची किंमत आणि एका माणसाची वीस वर्षांची स्मृती, हा सौदा कोणत्याही मालकाला न पटण्यासारखा नाही. ज्या कारखान्यात बाबा जातात तेथे हा मुखपट्टा फक्त तपासणीच्या दिवशी निघतो. तो रोज निघाला पाहिजे.

आणि आपण काय करावे? विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आमच्याच गावात आहे. कण मोजण्याचे यंत्र मिळवणे त्याच्यासारख्या संस्थेला जड नाही. आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांनी उद्यमबागेत, बसस्टँडवर आणि कॉलेजच्या फाटकाशी कण मोजावेत. आम्ही वाणिज्यवाले निवृत्त कामगारांच्या घरी जाऊन कोण कोणत्या खात्यात किती वर्षे होता आणि आज त्याची स्मृती, हात, चाल कशी आहे याची वही करू. मराठी घरांत मराठीतून विचारू, कन्नड घरांत कन्नडमधून. या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना माझे हे जाहीर आमंत्रण समजावे. प्राध्यापक मंडळींनी याला प्रकल्पाचे गुण द्यावेत, म्हणजे मुले येतील, हेही खरे!

अशा वहीने लगेच काही सिद्ध होणार नाही. पण आँटारिओत एका मुलीच्या वहीपासूनच सुरुवात झाली होती. आज आपण विशीत आहोत. आपली साठी चाळीस वर्षांवर आहे. तेव्हा आपल्या नातवंडांनी वयाकडे बोट दाखवून विषय संपवू नये असे वाटत असेल, तर नोंद आजपासून ठेवली पाहिजे. पहिले पान मी आखून ठेवले आहे. त्यावर पहिली नोंद आजोबांची असेल : खाते भट्टी, वर्षे चाळीस. दुसऱ्या नोंदीची वाट पाहतो आहे.

— द्वितीय वर्ष बी. कॉम. चा एक विद्यार्थी